किचनचं फिनिश नंतर बघू, आधी पाणी कुठून येतं ते विचारा

मागच्या व्हिडिओत काउंटरवरची काचेची बरणी दाखवली, तेव्हा बऱ्याच दुकानदार मित्रांनी विचारलं की त्या पाण्यात लाकडाचे तुकडे कशाला टाकून ठेवलेत. व्हिडिओत घाईत सांगितलं होतं, आज निवांत सांगतो. घराचं किचन नवीन करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनीही वाचा.

सांगलीत विश्रामबागेत माझं किचन फिटिंगचं दुकान आहे. सिंक, नळ, ट्रॉल्या, सनमायका, बिजागऱ्या, सगळं. बीबीए करून बसलो होतो, अपसेलिंग डोक्यात भरलेलं. २०१८ मध्ये गावभागातल्या एक काकू आल्या. निवृत्तीच्या पैशातून किचन करायचं होतं. मी कॅटलॉग काढला आणि हाय ग्लॉस पांढऱ्या शटरचं अख्खं मॉड्युलर किचन दाखवलं. काकू म्हणाल्या, "छान दिसतंय रे, पण टिकेल ना?" मी म्हणालो, "काकू, दहा वर्षं बघायला नको." आतली सगळी खोकी प्री-लॅमिनेटेड पार्टिकल बोर्डाची होती. मला ते माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर मी काकूंकडे गेलो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुगा आणि गोंद. पाणी पिऊन तो पावासारखा फुगला होता, स्क्रू हाताने निघत होते. वरची पांढरी चकाकी मात्र शाबूत होती, पुसली की आरशासारखी! शेजारच्या घरात जुना ओटा होता. खाली कडप्प्याच्या उभ्या पाट्या आणि त्यात स्टीलच्या ट्रॉल्या. त्यांनी पाइप लावून चिखल धुतला आणि चौथ्या दिवशी तिथेच स्वयंपाक केला.

काकू मला एक शब्द वाकडं बोलल्या नाहीत. चहा दिला, तोही शेजारच्यांच्या ओट्यावर केलेला. त्या चहाचा घोट काही घशाखाली उतरेना.

तर बरणीत आहे ते हे. एक तुकडा पार्टिकल बोर्डाचा, एक एमडीएफचा, एक साध्या कमर्शियल प्लायचा आणि एक आयएस ७१० मरीन प्लायचा. गिऱ्हाईक आलं की मी काही बोलत नाही, बरणी पुढे सरकवतो. पार्टिकल बोर्डाचा गाळ झालेला दिसतो. मरीन प्लाय महाग का, हे मला सांगावं लागत नाही. दुकानदार मित्रांनो, हा खर्च शंभर रुपयांच्या आतला आहे. एक सूचना, पाणी दर आठवड्याला बदला. वास येतो.

मरीनचा नुसता शिक्का बघून खूश होऊ नका. आयएसआयच्या खुणेबरोबर सीएम/एल नंबर छापलेला असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की लायसन्स कोणाचं आहे ते कळतं. मी गिऱ्हाइकासमोरच टाकतो. आणि प्लाय कितीही भारी असला तरी सिंकसाठी आणि पाइपसाठी जे भोक पाडतात, तिथली कापलेली कड उघडी राहते. सुताराला उभं राहून ती सील करायला लावा. पाणी सनमायक्यातून आत जात नाही, कडेतून जातं.

आता सिंक. लोक चुंबक घेऊन येतात. चिकटला नाही तर ३०४ स्टील, असं कुणीतरी रीलमध्ये सांगितलेलं असतं. २०२ स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही! ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, म्हणून ते स्वस्त आणि गंजायला लवकर. खरी परीक्षा केमिकलच्या थेंबाची. थेंब टाकायचा, छोटी बॅटरी लावायची, रंग लालसर झाला तर २०० सिरीज. हे किट दुकानात ठेवा. एखादा सप्लायर नाराज होईल, होऊ दे.

नळाच्या बाबतीत मी एक चूक पुन्हा केली, तेही पुरानंतर. एका ताईंना मोबाइलमधल्या फोटोसारखा मॅट ब्लॅक नळ हवा होता. दिला. घरात बोअरचं पाणी. दोन महिन्यांत काळ्या नळावर क्षाराचे पांढरे ओघळ आणि ताई घासणी घेऊन दमलेल्या. घासल्यावर काळं कोटिंगही उडालं. त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न ठरला, पाणी कुठलं? नळाचं की बोअरचं? बोअरचं असेल तर क्रोम किंवा ब्रश फिनिश, त्यावर डाग कमी दिसतात आणि पुसले की जातात. नळ हातात घेऊन बघा, पितळेचा जड लागतो. तोंडाची जाळी हाताने फिरवून काढता येते का तेही बघा, कारण क्षार तिथेच साठतो. आणि प्लंबरला सांगा, नवी लाइन जोडली की नळ बसवायच्या आधी पाणी मोकळं सोडायचं. पाइपातली वाळू आतल्या सिरॅमिक कार्ट्रिजला ओरखडते, मग महागडा नळही थेंब थेंब गळतो आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

दुसरा प्रश्न, स्वयंपाक कोण करतं? पैसे भरणारे भाऊ काउंटरवर उभे असतात, पण ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरावरून ठरते. हात कोपरात वाकवा, कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा आला पाहिजे. परवा एका घरात सासूबाई पाच फुटांच्या आतल्या आणि सूनबाई पावणेसहा फूट. मी विचारलं, भाकरी कोण थापतं? दोघी एकदम हसल्या. शेवटी शेगडीची बाजू दोन इंच खाली घेतली.

ओट्याला क्वार्ट्झ हवाय म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, कुकर शेगडीवरून उतरवून कुठे ठेवता? क्वार्ट्झमध्ये दगडाचा चुरा रेझिनने बांधलेला असतो. गरम तवा ठेवला की रेझिनवर डाग येऊ शकतो, तो निघत नाही. ग्रॅनाइट हे सहन करतो. फिकट ग्रॅनाइटला सीलर लावलं नाही तर हळद मुरते, काळ्यावर दिसत नाही. रंग, हँडल, टाइल्स यात मी फारसा पडत नाही. ते आवडीचं आहे, आणि उद्या बदलता येतं.

बजेट कमी असेल तर? पैसे आतल्या मालाला, बिजागरी-चॅनेलला आणि नळाला घाला. शटर साध्या मॅट सनमायक्याचं करा. अशाने बिल कमी होतं, हे खरंय. माझंही झालं. पण फिटिंगनंतरच्या तक्रारींसाठी माझा माणूस आठवड्यातून तीन दिवस फिरायचा, आता एखादाच दिवस फिरतो. त्याचा पगार आणि पेट्रोल तुम्ही तुमच्या वहीत मांडून बघा.

काकूंचं किचन २०२० मध्ये मी पुन्हा केलं, माल खरेदीच्या भावात आणि मजुरी माझ्याकडून. कडप्प्याची चौकट, ३०४ च्या ट्रॉल्या, फक्त शटर मरीन प्लायचं, तेही बिजागरीतून काढता येईल असं. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं. पातळी वाढतेय म्हटल्यावर काकूंनी मुलाला हाताशी घेऊन शटरं उतरवली, ट्रॉल्या ओढून काढल्या आणि सगळं वरच्या मजल्यावर नेलं. पाणी गेल्यावर मी गेलो. चॅनेलच्या बॉलमध्ये चिखल बसला होता, ते सगळे बदलावे लागले. बाकी सगळं जागच्या जागी बसलं. या वेळी चहा त्यांच्याच ओट्यावर झाला. साखर जरा जास्त होती, पण मी दोन कप घेतला.