जोगेश्वरीचं इस्माईल युसूफ कॉलेज : प्रवेशाआधी हे जाणून घ्या

बारावीचा निकाल लागला की पालकांचा पहिला सवाल ठरलेला असतो, "सर, कमी फीमध्ये चांगलं कॉलेज कोणतं?" मुंबईच्या पश्चिम उपनगरांत राहणाऱ्यांना आम्ही शिक्षक जी नावं सांगतो, त्यात जोगेश्वरी पूर्वेचं इस्माईल युसूफ कॉलेज हमखास असतं. मात्र या कॉलेजबद्दल आपल्या समाजात गैरसमजही बरेच आहेत.

इतिहास थोडक्यात. सर मोहम्मद युसूफ यांनी १९१४ साली मुस्लिमांच्या शिक्षणासाठी सरकारकडे आठ लाख रुपये दिले. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. त्यातून १९३० मध्ये जोगेश्वरीच्या टेकडीवर हे कॉलेज सुरू झालं. उर्दूचे नामवंत संशोधक नजीब अशरफ नदवी इथे शिकवत होते. अभिनेते व संवादलेखक कादर खान इथेच शिकले.

आता मुख्य गैरसमज. नाव मुस्लिम आहे म्हणून "आपल्याला तिथे कोटा असेल" असं अनेकांना वाटतं. तसं नाही. हे महाराष्ट्र शासनाचं, मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेज आहे, अल्पसंख्याक संस्था नव्हे. धर्मावर आधारित राखीव जागा इथे नाहीत. प्रवेश गुणवत्तेवर आणि शासनाच्या आरक्षणानुसार होतो.

पण आरक्षणात आपली बरीच मुलं बसतात, हे घरी माहीत नसतं. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. अडचण कागदांची होते. शाळेच्या दाखल्यावर नुसतं "मुस्लिम" लिहिलेलं असतं, जातीची नोंद नसते. मग आजोबांच्या, काकांच्या जुन्या दाखल्यांची शोधाशोध सुरू होते आणि तोवर मेरिट लिस्ट लागून जाते. म्हणून जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर ही कामं मूल अकरावीत असतानाच हाती घ्या.

कॉलेजात कला, विज्ञान आणि वाणिज्य या तिन्ही शाखा आहेत. पदवीसाठी आधी मुंबई विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नोंदणी करायची, मग कॉलेजचा अर्ज भरायचा. नुसता कॉलेजचा फॉर्म भरून निवांत बसू नका. कुठल्याही कॉलेजात फॉर्म भरताना आणखी एक गोष्ट विचारा : कोर्स अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित? एकाच इमारतीतल्या दोन कोर्सच्या फीमध्ये मोठा फरक असू शकतो.

फीचा भार हलका करण्यासाठी महाडीबीटी पोर्टल पाहा. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ओबीसींच्या योजना वेगळ्या. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं तयार ठेवा.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीला घाबरतात. विज्ञान शाखेत इंग्रजीला पर्याय नाही, हे खरं. पण कला शाखेतले अनेक विषय मराठीतून लिहिण्याची मुभा विद्यापीठ देतं. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता तीन वर्षांत पदवी किंवा चार वर्षांत ऑनर्स असे दोन्ही मार्ग आहेत.

एक गोष्ट विशेषतः मुलींच्या पालकांना. "बारावी झाली, आता बस" हा निर्णय बऱ्याचदा फी आणि प्रवास यांच्या हिशेबावर होतो. सरकारी कॉलेजात फी कमी, आणि हे कॉलेज तर लोकलच्या स्टेशनपासून आणि हायवेपासून फार लांब नाही. मुलीला सोबत घेऊन एकदा जा, परिसर पाहा, ऑफिसात विचारपूस करा. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने आपल्या मुलांनी शिकावं म्हणून तिजोरी उघडली. आपल्याला तर फक्त वेळेवर फॉर्म भरायचा आहे.