मुक्या जिवाचे औषधदान

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने आपल्या घरांत लहानपणापासून शिकवली जातात. पर्वकाळात जीवदयेच्या पेटीत आपण सढळ हाताने रक्कम टाकतो. परंतु स्वतःच्या घरातला कुत्रा किंवा मांजर आजारी पडले, की या औषधदानाची कोणतीच तरतूद केलेली नसते. मग रात्री-अपरात्री ओळखीपाळखीत फोन सुरू होतात : ‘एखादा डॉक्टर माहीत आहे का?’

कळंब्यासारख्या, कोल्हापूरला लागून वाढणाऱ्या वस्तीत ही अडचण विशेष जाणवते. आपला जिल्हा दुधाचा. ‘गोकुळ’ दूध संघाच्या पशुवैद्यकीय सेवेमुळे गाई-म्हशींचा डॉक्टर गोठ्यापर्यंत पोहोचतो. शासनाची १९६२ ही दूरध्वनी सेवाही मुख्यतः पशुधनासाठीच आहे. कुत्र्या-मांजरांचे उपचार मात्र वेगळे. त्यांना रक्ततपासणी, क्ष-किरण, शस्त्रक्रिया यांची सोय लागते. म्हणून प्राणी निरोगी असतानाच डॉक्टर शोधून ठेवावा. त्यांच्याकडे पशुवैद्यक शास्त्राची पदवी आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी आहे का, लहान प्राणी ते नियमित तपासतात का, रात्री कोणाला बोलवावे, हे पहिल्याच भेटीत विचारावे. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांत नाममात्र शुल्कात उपचार होतात. तेथे जाण्यात कमीपणा मानू नये. गुंतागुंतीच्या आजारासाठी सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

राहिला खर्चाचा प्रश्न. तो व्यापारी समाजाला नवा नाही. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगा झाला, बाजार बंद राहिला. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभॉय आणि जैन व्यापारी शेठ मोतीशहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर ठरावीक आकारणी लावून घेतली. दया मनात होतीच. तिला वहीत कायमचे खाते मिळाले, म्हणून ती टिकली.

तेच खाते घरातही उघडता येईल. रोज दहा रुपये बाजूला ठेवले, तर वर्षाला ३,६५० रुपये जमतात. त्यातून प्रथम लसीकरण आणि जंतनाशक औषध व्हावे. पिल्लाला पार्व्हो झाला, तर कित्येक दिवस सलाईन आणि शुश्रूषा लागते, आणि तरीही ते वाचेल याची खात्री नसते. त्यापुढे लसीचा खर्च किरकोळच. रेबीजची लस तर घरातल्या मुलाबाळांचेही रक्षण करते; ती तीन महिन्यांच्या वयात सुरू करून पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित द्यावी. पैसे वाचवण्यासाठी घरातली औषधे मात्र कधीही देऊ नयेत. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. मनुका आणि चॉकलेटही कुत्र्याला घातक आहेत.

आपल्या धर्माचरणाशी निगडित प्रश्नही डॉक्टरांपुढे संकोच न करता मांडावेत. नीट संतुलित केलेल्या शाकाहारावर कुत्रा राहू शकतो. मांजर मात्र निसर्गतः मांसाहारी. टॉरिन हा घटक अन्नातून न मिळाल्यास तिची दृष्टी आणि हृदय बिघडते. म्हणून मांजर घरी आणण्याआधीच हा विचार व्हायला हवा. असाध्य आजारात वेदनाशामक उपचार कोठवर करता येतील, याचीही चर्चा वेळ येण्यापूर्वी करून ठेवावी. त्या घडीला मन थाऱ्यावर नसते.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जिवाचे अन्नपाणी तोडणे, हा एक अतिचार सांगितला आहे. जो जीव आपल्या उंबऱ्याआड राहतो, त्याला स्वतःचे औषधही शोधता येत नाही. ते वेळेवर मिळावे, यासाठी डॉक्टरांचा क्रमांक भिंतीवर आणि थोडी रक्कम गल्ल्यात वेगळी असावी. एवढे तरी प्रत्येक श्रावकाच्या घरी सहज होण्यासारखे आहे.