प्राथमिक साखळीचा ताण (मोटारसायकल)

मोटारसायकलच्या इंजिनातील क्रँकशाफ्टची गती क्लचपर्यंत पोहोचवणाऱ्या साखळीस 'प्राथमिक साखळी' किंवा 'प्रायमरी चेन' असे म्हणतात. गिअरबॉक्सपासून मागील चाकाकडे जाणारी साखळी हिच्यापेक्षा वेगळी असते. प्राथमिक साखळी बंद कवचात, तेलात फिरते. त्यामुळे ती धुळीपासून सुरक्षित राहते. मात्र डोळ्यांआड असल्याने तिच्याकडे दुर्लक्षही होते.

== ताण बदलण्याची कारणे ==
वापराने साखळीच्या पिना आणि त्यांभोवतालच्या नळ्या झिजतात. प्रत्येक सांध्यातील अल्प झीज एकत्र होऊन साखळीची लांबी वाढते. ही झीज सर्वत्र सारखी नसते. म्हणून साखळी फिरवली असता ती काही ठिकाणी घट्ट, तर काही ठिकाणी सैल लागते. तापमानाचाही परिणाम होतो. इंजिन तापल्यावर ॲल्युमिनियमची आवरणे प्रसरण पावून दोन दंतचक्रांमधील अंतर वाढते व साखळी अधिक ताणली जाते. यासाठीच थंड इंजिनात साखळीला पुरेशी ढील ठेवावी लागते.

== अयोग्य ताणाचे परिणाम ==
सैल साखळी कवचावर आपटते, खडखडाट करते आणि गाडीला झटके देते. अतिघट्ट साखळी मात्र आवाज न करता क्रँकशाफ्टच्या व गिअरबॉक्सच्या बेअरिंगांवर सतत भार टाकते. त्यामुळे तिचे नुकसान उशिरा लक्षात येते आणि दुरुस्तीही खर्चिक ठरते. धावत्या गाडीत साखळी तुटल्यास कवच फुटण्याचा किंवा इंजिन अडकण्याचा धोका असतो.

== ताण जुळवण्याच्या पद्धती ==
गिअरबॉक्स स्वतंत्र बसवलेल्या अनेक जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत गिअरबॉक्सच मागे-पुढे सरकवून ताण जुळवला जातो. त्यानंतर मागील साखळीचा ताणही पुन्हा जुळवावा लागतो. बिडाच्या सिलिंडरच्या रॉयल एनफिल्ड बुलेटमध्ये गिअरबॉक्स इंजिनाला जोडलेला असल्याने तो सरकवता येत नाही. तेथे साखळीच्या खालच्या पदराला टेकणारी पट्टी स्क्रूने वर-खाली करतात. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या इंजिनांत २००७ पासून स्वयंचलित ताणयंत्रणा आहे.

== तपासणी ==
बुलेटमध्ये पुढील क्रमाने तपासणी केली जाते :
# इंजिन थंड व बंद ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये आणतात.
# कवचाखाली भांडे ठेवून, डावा पायटेकू व आवश्यक तेथे ब्रेकचा पेडल काढून कवच उघडतात.
# स्पार्क प्लग काढून किकने इंजिन थोडे थोडे फिरवतात आणि प्रत्येक वेळी वरच्या पदराच्या मध्यभागी बोटाने ढील पाहतात.
# सर्वांत घट्ट जागी वर-खाली मिळून सुमारे ६ मिलिमीटर ढील ठेवतात. सैल जागी मोजमाप घेऊन ताण जुळवल्यास घट्ट जागी साखळी धोकादायक रीतीने ताणली जाते.
# स्क्रूची लॉकनट घट्ट केल्यावर ढील पुन्हा तपासतात, कारण नट आवळताना स्क्रू फिरू शकतो.
# कवचाची रबरी कडी सुस्थितीत असल्याची खात्री करून कवच बसवतात व योग्य पातळीपर्यंत तेल भरतात.

अन्य गाड्यांसाठी ढिलीचे माप वेगळे असते. ते त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावे लागते.

== साखळी बदलणे ==
ताणपट्टी शेवटच्या मर्यादेपर्यंत नेऊनही ढील राहिल्यास किंवा घट्ट व सैल जागांमधील फरक फार वाढल्यास साखळी बदलणे आवश्यक असते. त्याच वेळी दंतचक्रांचे दातही तपासले जातात. झिजलेल्या दातांवर नवी साखळी लवकर खराब होते.

== हेही पाहा ==
* क्लच
* गिअरबॉक्स
* रॉयल एनफिल्ड बुलेट