पेशींचें विभाजन आणि घरचें बियाणें

हापूसची उत्तम कोय निवडून लावली, तरी तिच्या झाडास मूळ हापूसचीं फळें बहुधा लागत नाहींत. परंतु त्याच झाडाची काडी घेऊन बांधलेलें कलम मूळ झाडाप्रमाणेंच फळें देतें. उसाची टिपरी लावली असतां वर्षानुवर्षें तोच ऊस उगवतो. उलट, संकरित ज्वारीचे दाणे अगर संकरित कपाशीची सरकी घरीं राखून दुसऱ्या वर्षीं पेरली, तर शेतांत कांहीं झाडें उंच, कांहीं खुजीं, कांहीं लवकर येणारीं तर कांहीं मागास, अशी भेसळ दिसते. हा अनुभव आमच्या बहुतेक शेतकरी बंधूंस आहे. अशा वेळीं जमिनीस अगर पावसास दोष देण्यांत येतो. पण खरें कारण झाडाच्या पेशी ज्या दोन रीतींनीं दुभंगतात त्यांत आहे. या रीती समजल्या म्हणजे कोणतें बीं घरीं राखावें, कोणतें विकत घ्यावें आणि कोठें कलम अगर बेणेंच वापरावें, हें शेतकऱ्यास स्वतः ठरवितां येतें. म्हणून त्यांची माहिती आम्ही येथें देत आहों.

पेशी व गुणसूत्रें

विटा रचून भिंत उभी राहावी, त्याप्रमाणें प्रत्येक वनस्पतीचें अंग पेशींचें बनलेलें असतें. सूक्ष्मदर्शक यंत्रांतून कांद्याच्या कोवळ्या मुळाचें टोक पाहिलें, तर पेशींच्या ओळीच्या ओळी दिसतात, व त्यांतील कांहीं दुभंगत असलेल्याही आढळतात. पेशीच्या पोटांत एक केंद्रक असतें व त्यांत अत्यंत बारीक धागे असतात. यांसच गुणसूत्रें म्हणतात. झाडाची उंची, दाण्याचा रंग, फळाची गोडी, रोगास तोंड देण्याची शक्ति इत्यादि आनुवंशिक गुणांची नोंद या धाग्यांवर असते. गांवच्या दप्तरांत प्रत्येक शेताचा उतारा ठराविक ठिकाणीं सांपडतो, तशी प्रत्येक नोंदीची जागाही ठराविक गुणसूत्रावर असते.

गुणसूत्रांची संख्या प्रत्येक पिकांत ठरलेली आहे. कांद्यांत व हरभऱ्यांत ती १६, ज्वारींत व मक्यांत २०, भातांत २४ आणि आंब्यांत ४० असते. हीं सूत्रें जोडीनें असतात. ज्वारीच्या २० सूत्रांच्या १० जोड्या होतात, व प्रत्येक जोडींतील एक सूत्र मातेकडून म्हणजे बीजांडांतून, आणि दुसरें पित्याकडून म्हणजे परागकणांतून आलेलें असतें.

वाढीचें समविभाजन

झाड वाढतें तें मुख्यतः पेशी दुभंगून. या वाढीच्या विभाजनास शास्त्रज्ञ मायटोसिस म्हणतात; आपण त्यास समविभाजन म्हणूं. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यानें १८८२ सालच्या आपल्या ग्रंथांत याचें सविस्तर वर्णन केलें. पेशी दुभंगण्यापूर्वीं प्रत्येक गुणसूत्राची एक हुबेहूब प्रत तयार होते, व मूळ सूत्र आणि प्रत हीं एका ठिकाणीं जुळलेलीं राहतात. नंतर हे धागे आखूड व जाड होतात, केंद्रकाचें आवरण विरतें, आणि सर्व सूत्रें पेशीच्या मध्यभागीं रांगेंत येतात. पेशीच्या दोन टोकांकडून आलेले सूक्ष्म तंतु त्यांस धरतात, व प्रत्येक जुळ्यांतील एक सूत्र एका टोकाकडे आणि दुसरें दुसऱ्या टोकाकडे ओढून नेतात. दोन्ही टोकांस नवीं केंद्रकें बनतात, मध्यें भिंत पडते, आणि एका पेशीच्या दोन होतात. दोहोंतही २० सूत्रें असतात आणि दोहोंतही तीच नोंद असते.

उसाच्या टिपरीवरील डोळा फुटतो तो याच रीतीनें. केळीचा मुनवा, द्राक्षाची काडी, डाळिंबाची गुटी व आंब्याचें कलम यांचीही तीच गोष्ट. कलम हें नवें झाड दिसलें, तरी त्याच्या फळणाऱ्या फांद्या गुणानें मूळ झाडाचाच विस्तार होत. प्रत निघतांना क्वचित् फरक पडून एखादी फांदी निराळी निपजते, पण असें विरळाच घडतें. मात्र बेण्याबरोबर रोगही येतो. उसाची काणी व गवताळ वाढ हे रोग टिपरींतून पसरतात. यास्तव बेणें निरोगी मळ्यांतीलच घ्यावें.

फुलांतील अर्धविभाजन

पराग व बीजांड यांच्या संयोगानें दाणा होतो. या दोहोंत प्रत्येकीं २० सूत्रें राहिलीं असतीं, तर पुढील पिढींत ४०, तिच्या पुढील पिढींत ८०, अशी संख्या वाढत गेली असती. तसें होऊं नये म्हणून फुलांत पेशी अशा रीतीनें दुभंगते कीं सूत्रांची संख्या निम्मी व्हावी. यास मिऑसिस म्हणतात. आपण अर्धविभाजन म्हणूं.

येथेंही आरंभीं प्रत्येक सूत्राची प्रत निघते. परंतु पुढें मातेकडील सूत्र व पित्याकडील त्याच्या जोडीचें सूत्र हीं शेजारीं येऊन बिलगतात, आणि आपल्या तुकड्यांची अदलाबदल करतात. मक्यांतील ही अदलाबदल हॅरिएट क्रेटन व बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन विदुषींनीं १९३१ सालीं सिद्ध करून दाखविली. नंतर जोडी फुटते व एक जोडीदार एका पेशींत, दुसरा दुसऱ्या पेशींत जातो. मग या दोन्ही पेशी पुन्हां एकदां, समविभाजनासारख्या, दुभंगतात. शेवटीं एका पेशीच्या चार होतात व ज्वारींत प्रत्येकींत १० सूत्रें उरतात.

जोडी फुटतांना कोणतें सूत्र कोणीकडे जाईल याचा नेम नसतो. १० जोड्यांपासून १,०२४ प्रकारचे पराग संभवतात. तितक्याच प्रकारचीं बीजांडें धरिलीं, तर त्यांच्या संयोगाचे दहा लाखांहून अधिक प्रकार होतात. आणि यांत तुकड्यांची अदलाबदल धरलेलीच नाहीं. ग्रेगर मेंडेल यानें वाटाण्यावरील प्रयोगांवरून १८६६ सालीं जे आनुवंशाचे नियम प्रसिद्ध केले, त्यांचें मूळ याच वांटणींत आहे.

व्यवहारांतील उपयोग

हापूसच्या कोयींतील अंकुरास निम्मीं सूत्रें हापूसचीं, तींही पिसून वांटलेलीं, आणि निम्मीं माश्यांनीं आणलेल्या कोणत्या तरी परागाचीं मिळतात. म्हणून कोयीपासून हापूसची आशा धरूं नये.

संकरित बियाण्याचे आईबाप हे दोन भिन्न, पण शुद्ध वाण असतात. शुद्ध वाणांत जोडींतील दोन्ही सूत्रें सारखींच असल्यामुळें वांटणी कशीही झाली तरी पराग एकाच प्रकारचा निघतो. म्हणून पहिल्या पिढीचें शेत एकसारखें व जोमदार येतें. परंतु या पिढीच्या जोड्यांत भिन्न सूत्रें एकत्र आलेलीं असतात. तिच्या फुलांत अर्धविभाजन झालें कीं पत्ते पिसले जातात, आणि दुसऱ्या पिढींत भेसळ होऊन जोमही घटतो. १९६४ सालीं ज्वारीचा सीएसएच-१ व १९७० सालीं सुरतेहून कपाशीचा एच-४ हे संकर आले, तेव्हांपासून दरवर्षीं बियाणें विकत घेण्याचा खर्च शेतकऱ्याच्या मागें लागला. खर्च जड आहे हें आम्ही जाणतों. परंतु तो वांचविण्यासाठीं संकराची घरची सरकी पेरणें म्हणजे थोडें वांचवून बहुत गमावणें होय. असें दुसऱ्या पिढीचें बीं कोणी स्वस्तांत विकूं लागला, तरी घेऊं नये.

हरभरा, गहूं व भात यांच्या सरळ वाणांची गोष्ट निराळी. त्यांचें फूल बहुतेक स्वतःच्याच परागानें फळतें, व जोड्या सारख्या झालेल्या असतात. यांचें बीं दरवर्षीं विकत घेण्याचें कारण नाहीं. निराळीं दिसणारीं झाडें आधींच उपटून टाकावीं व शेताच्या मध्यभागांतील निरोगी झाडांचें बीं राखावें. तुरींत मधमाश्या व बाजरींत वारा परका पराग आणतो. तेव्हां त्यांचें बीं शेजारच्या भिन्न वाणापासून दूर असलेल्या तुकड्यांतीलच राखावें.

ज्वारी, गहूं व भात पोटरींत असतात त्या सुमारास आंत अर्धविभाजन चालूं असतें. बाहेरून कांहींच दिसत नाहीं; परंतु तेव्हां पाण्याचा ताण पडला तर पराग निकामी होऊन कणसांत दाणे कमी भरतात, व ही तूट मागाहून पाणी देऊन भरून निघत नाहीं. पाणी हातीं असेल तर पोटरीची पाळी चुकवूं नये.

केवळ समविभाजनावर विसंबण्यांतही धोका आहे. खाण्याच्या बहुतेक केळींत ११ सूत्रांचे तीन संच, म्हणजे ३३ सूत्रें असतात. तिघांची जोडी नीट लागत नाहीं, त्यामुळें बीं धरत नाहीं व केळ मुनव्यानेंच वाढवावी लागते. बागेंतील सर्व झाडें एकमेकांच्या प्रती असल्यामुळें एकास मारणारा रोग सर्वांस मारतो. अमेरिका खंडांतील ग्रो मिशेल नांवाची निर्यातीची केळ पनामा मर रोगानें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशीच बुडाली.

नवा वाण निघतो तो पत्ते पिसल्यानेंच. १९१२ सालीं कोइमतूर येथें ऊस पैदाशीचें केंद्र निघालें. तेथें डॉ. बार्बर व वेंकटरामन यांनीं जाड उसाचा रानटी उसाशीं संकर केला, व त्यांतून को-२०५ हा वाण १९१८ सालीं बाहेर आला. तुऱ्याच्या बियांपासून झालेल्या भिन्न भिन्न रोपांतून उत्तम तें निवडावयाचें, आणि मग टिपरीनें जसेंच्या तसें वाढवावयाचें, अशी दोन्ही विभाजनांची सांगड त्यांत आहे.

आमची सूचना इतकीच कीं, बीं भरून ठेवतांना प्रत्येक पोत्यास चिठ्ठी बांधावी, व तीवर वाणाचें नांव, सालें आणि तो सरळ वाण आहे कीं संकर, हें लिहावें. पुढील पेरणीच्या वेळीं कोणतें पोतें शेतांत न्यावें व कोणतें बाजारांत, हें त्या चिठ्ठीवरून कळेल.