जबड्याचा सांधा: वाजतो म्हणजे बिघडला का?

कानाच्या भोकापुढे बोट टेकवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे गोलसर हाड पुढेमागे सरकते, तो जबड्याचा सांधा. तो नुसता बिजागरीसारखा फिरत नाही. तोंड मोठे उघडताना खालच्या जबड्याचे टोक खोबणीतून पुढे घसरते आणि दोन हाडांमधली चिवट चकतीही त्याच्याबरोबर सरकते. डावा-उजवा असे दोन्ही सांधे एकाच हाडाचे, त्यामुळे एकाचे दुखणे दुसऱ्याला कळल्याशिवाय राहत नाही.

हा सांधा वाजला की लोक घाबरतात. जांभई देताना कट्ट झाले, म्हणजे सांधा झिजला असे घरातलाच कोणीतरी सांगून मोकळा होतो. बहुतेक वेळा ती चकती जागेवरून थोडी पुढे सरकलेली असते आणि हाड तिच्यावर चढताना आवाज होतो. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर त्याला औषधही नको नि उपचारही नको. उलट, रोज वाजणारा जबडा एके दिवशी वाजायचा थांबला आणि तोंड अर्ध्यावरच अडू लागले, तर मात्र दाखवायला जावे. चकती अडकलेली असू शकते.

कानात ठणका लागला की थेंब घालायचे, दाढेत कळ आली की रूट कॅनाल करायचे, हाही नेहमीचाच घोळ. कानाची नळी आणि सांधा यांच्यात अंतर जेमतेम असते आणि चावण्याच्या स्नायूंची कळ दाढांपर्यंत, कानशिलापर्यंत जाते. कान तपासून स्वच्छ निघाला, दाताचा एक्स-रेही ठीक आला, पण भाकरी चावताना किंवा जांभई देताना दुखणे वाढते, तर संशय जबड्यावर घ्यावा. त्यातही खूपदा दुखतो तो सांधा नसतोच, दुखतात ते गालाचे स्नायू.

‘दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, म्हणून जबडा दुखतो’ हा समज मात्र चिवट निघाला. त्याचे मूळ डॉक्टरांच्याच लेखनात आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये अवघ्या ११ रुग्णांवरून मांडले, की दाढा पडल्या की जबडा मागे सरकतो, कानाजवळच्या नसांवर दाब येतो आणि कान, डोके दुखू लागते. शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढे हे खोडून काढले, पण उपचार मागे उरले: दात घासून चावा जुळवणे, सगळ्या दाढांवर कॅप बसवणे. घासलेले एनॅमल पुन्हा येत नाही, ही गोष्ट खुर्चीत बसण्याआधी ऐकलेली बरी. शस्त्रक्रियेच्या घाईचा अनुभव तर याहून वाईट. १९८०च्या दशकात अमेरिकेत खराब चकतीच्या जागी टेफ्लॉनचे रोपण बसवले गेले. चावण्याच्या दाबाने त्याचे कण सुटले, शरीराने त्यांच्याशी झुंज मांडली आणि त्यात आजूबाजूचे हाडच खाल्ले गेले. १९९० अखेर तिथल्या औषध प्रशासनाला धोक्याचा इशारा द्यावा लागला.

मग करायचे काय? ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ मध्ये जुनाट दुखण्यासाठी तज्ज्ञांच्या शिफारशी छापल्या. वर आले ते देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, हाताने मोकळे करणे, मानेची बैठक सुधारणे, ताणाशी जुळवून घ्यायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत, आणि रुग्णाला धीर देऊन घरच्या घरी करायच्या गोष्टी शिकवणे. दातांवर बसवायच्या प्लेटा आणि बोटॉक्सची इंजेक्शने सरसकट वापरू नयेत, असा त्यांचा कौल आहे. रात्री दात खाणाऱ्याचे दात नाईट गार्डने झिजायचे वाचतात, हे खरे. पण दुखणे त्याने जाईलच असे नाही.

घरच्या गोष्टींमध्ये सगळ्यात मोठी गोष्ट फुकट आहे: ओठ मिटलेले, दात सुटे. स्वस्थ बसलेले असताना वरचे-खालचे दात एकमेकांना लागताच कामा नयेत. मोबाइलवर टायपिंग करताना किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी चालवताना स्वतःकडे लक्ष द्या, दात आवळलेले सापडतील. सापडले की जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला लावा, जबडा आपोआप सैल पडतो. दुखण्याच्या दिवसांत ऊस, चकली, फुटाणे बाजूला ठेवून खिचडी, इडलीवर भागवावे. गालाला कोमट शेक द्यावा. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. बहुतेकांचे दुखणे एवढ्यावर उतरते.

आपल्याकडे मात्र एक वेगळीच फसगत होते. तोंड उघडेनासे झाले की ‘सांधा धरला’ म्हणतात, आणि खिशात खर्र्याची किंवा माव्याची पुडी असते. स्वतःची तीन बोटे उभी दातांमध्ये मावत नसतील, तिखटाने तोंडाची आग होत असेल, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असेल, तर हे दुखणे सांध्याचे नाही, सुपारीचे आहे. तंबाखूशिवायची सुपारीही हे करते. पुढे त्यात कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, साध्या सुपारीवर नाही. अशा वेळी शेकत बसू नये. सुपारी त्याच दिवशी थांबवून दंतवैद्याला तोंड आतून दाखवावे.

चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखून येतो, सोबत धाप लागते, घाम फुटतो, तेव्हा दातांच्या दवाखान्यात नव्हे, हृदयासाठी तातडीने रुग्णालयात जायचे. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखून थकतो, कानशिले ठणकतात आणि नजर अंधुक होते, तेही तातडीचेच.

लहान मूल हनुवटीवर पडले, तर जखमेला टाके पडतात आणि कधी कधी सांध्याजवळचे मोडलेले हाड तसेच राहून जाते. पुढे सांधा हाडाने जुळून येऊ शकतो आणि मग मुलाचे तोंड उघडतच नाही. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना तोंड किती उघडते, तेही त्याच वेळी बघायला सांगावे.