किती लांबचं दिसतं?

दुर्बीण गळ्यात दिसली की कुणीतरी हमखास विचारतं, "यातून किती लांबचं दिसतं हो?" नुसत्या डोळ्यांना पावणेचार लाख किलोमीटरहून लांबचा चंद्र दिसतो, त्यामुळे या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे मला कधीच सुचलेलं नाही. पण लहान दुर्बीण घेताना होणाऱ्या बहुतेक चुका याच प्रश्नातून निघतात.

गैरसमज: जितके पट जास्त, तितकी दुर्बीण भारी.

दुर्बिणीवर 8x42 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानात लोकांची नजर पहिल्यावरच जाते आणि 10x25 ची खिशात मावणारी जोडी घरी येते. मीही तेच केलं होतं. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी डोळ्यांना दिसत होती, पण दुर्बीण लावली की फक्त पानं. पक्षी सापडेपर्यंत तो तिसऱ्या फांदीवर. शेजारचे काका जुन्या 6x30 मधून निवांत बघत होते.

याचा हिशेब सोपा आहे. 30 मीटरवरचा पक्षी सहापट दुर्बिणीतून 5 मीटरवर आल्यासारखा दिसतो, दहापट दुर्बिणीतून 3 मीटरवर. या दोन मीटरच्या फायद्यासाठी बरंच काही जातं. हाताची थरथरही दहापट होते. भिगवणला हलत्या होडीतून रोहित बघताना हे लगेच कळतं. शिवाय पट वाढले की पुढचं-मागचं एकदम स्पष्ट दिसणारी पट्टी अरुंद होते आणि फोकसचं चाक सारखं फिरवावं लागतं. सहाच्या दुर्बिणीत एकदा फोकस लावला की पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर गेला तरी बोट चाकावर न्यावं लागेलच असं नाही.

आणि सगळ्यात मोठं नुकसान दृश्याच्या रुंदीचं. चांगल्या 6x30 मध्ये साधारण 8 अंशांचं दृश्य मिळतं, स्वस्त 10x25 मध्ये ते 5 अंशांच्या आसपास येऊ शकतं. 20 मीटरवरच्या झाडावर 8 अंश म्हणजे पावणेतीन मीटरचं वर्तुळ, 5 अंश म्हणजे पावणेदोन मीटरचं. ऐकायला फरक थोडा, पण क्षेत्रफळ काढलं तर अडीचपट. शेपटी हरवली होती ती याच फरकात.

गैरसमज: खोक्यावर 'वाइड अँगल' लिहिलंय, म्हणजे दृश्य रुंद.

ही खरी मेख आहे. हे बिरूद बहुधा वेगळ्याच कोनावरून ठरतं. दुर्बिणीतलं वर्तुळ डोळ्यासमोर केवढं पसरलेलं भासतं, तो कोन साधारण 60 अंशांच्या पुढे गेला की दुर्बीण 'वाइड'. हा भासणारा कोन म्हणजे ढोबळमानाने खरं दृश्य गुणिले पट. दहाच्या दुर्बिणीत 7 अंश दिसत असतील तर 70, म्हणजे झाली वाइड. सहाच्या दुर्बिणीत 8 अंश दिसले तरी 48, म्हणून ती वाइड नाही! खिडकीत बसल्याचं सुख पहिलीत जास्त, हे खरं. पण 1000 मीटरवरचा मुलूख पहिलीत 122 मीटर रुंद दिसतो, दुसरीत 140. तेव्हा बिरूद सोडा आणि दुर्बिणीवर कोरलेले अंश किंवा 1000 मीटरला किती मीटर, ते वाचा. एका अंशाला साडेसतरा मीटर.

रुंदी फुकट मिळत नाही, हेही सांगायला हवं. फार रुंद दृश्याच्या कडा बहुधा पुसट असतात, आणि त्या नीट करायच्या तर भिंगं, वजन, किंमत तिन्ही वाढतात. कडेची पुसटाई मी चालवून घेतो. कडेला पक्षी सापडतो, बघायचा तो मध्यावर आणून.

गैरसमज: कमी पट म्हणजे कमी उजेड.

उलट आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटांनी भागा: 6x30 मधून 5 मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, 10x25 मधून अडीचचा. भर दुपारी डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची असते, तेव्हा फरक पडत नाही. कर्नाळ्याच्या दाट झाडीत पहाटे मात्र पडतो. रात्री तर विचारूच नका: रोहिणी शकट हा तारकापुंज 6x30 मध्ये अख्खा मावतो आणि भोवती काळं आकाशही उरतं.

गैरसमज: चष्मा काढूनच बघायचं.

जवळचा-लांबचा नंबर फोकसने भरून निघतो, तिरका नंबर निघत नाही. चष्मा ठेवूनच बघायचं असेल तर नेत्रिकेपासून डोळा किमान 15 मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसलं पाहिजे. नाहीतर 8 अंशांचे पैसे मोजायचे आणि सहाच बघायचे. डोळ्याकडची रबरी वाटी दुमडून, आपलाच चष्मा लावून दुकानात तपासा.

लाल काचांच्या दुर्बिणी आणि झूम दुर्बिणी यांवर फार शाई नको. लाल दिसणारी काच लाल प्रकाश परत फेकते, म्हणून आतलं चित्र निळसर आणि मंद. झूममध्ये सगळ्यात कमी पटांवरही दृश्य नळीतून पाहिल्यासारखं.

गैरसमज: दुर्बीण लांबच्याच वस्तूंसाठी.

बऱ्याच दुर्बिणी दोन-तीन मीटरच्या आत फोकस होत नाहीत, आणि झाल्या तरी दोन डोळ्यांची दोन चित्रं एकत्र येत नाहीत. पेंटॅक्सच्या पॅपिलिओ या साडेसहा पटांच्या छोट्या दुर्बिणीत फोकस जवळ आणला की पुढची दोन्ही भिंगंही एकमेकांजवळ सरकतात, म्हणून ती 50 सेंटिमीटरवरचंही दाखवते. पॅपिलिओ हे फुलपाखरांच्या ज्या गटाचं शास्त्रीय नाव, त्यातलाच आपला नीलवंत, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. त्याची मादी लिंबाच्या पानांवर अंडी घालते. गच्चीत लिंबाची कुंडी असेल तर तिच्यापासून हातभर लांब बसून बघता येतं.