इसार सगळ्यात शेवटी

सकाळी ७.०० : अमरावती, घरचं ऑफिस

मे महिन्यात अमरावतीत डोक्याचं काम सकाळीच उरकावं लागतं. आज टेबलावर तीन फायली आहेत. अंबागेटच्या आतलं जुनं घर, कठोरा रोडकडच्या ले-आउटमधलं दुमजली घर आणि अकोल्यात गोरक्षण रोडवरचा फ्लॅट. तिन्ही मालकांना घर विकायचं आहे, तिघांकडेही गिऱ्हाईक येऊन गेलं आहे आणि तिघांचा प्रश्न एकच आहे : इसार कधी घेऊ?

इसार घेणं म्हणजे शब्द देणं. ‘हे घर माझं आहे, त्यावर कुणाचा बोजा नाही आणि अमुक तारखेपर्यंत ते तुमच्या नावे करून देतो’, असा तो शब्द असतो. तो पाळता येईल की नाही, हे कागद तपासल्यावरच कळतं. म्हणून फाइल उघडली की मी आधी एका कोऱ्या कागदावर मालकीची साखळी लिहून काढते. घर कुणाकडून कुणाकडे आलं, कोणत्या साली, आणि खरेदीने, वारशाने, वाटणीने की बक्षीसपत्राने, हे सगळं निदान तीस वर्षं मागं जाऊन लिहिते. साखळीत जिथे जागा रिकामी राहते, तिथून त्या घराचं काम सुरू होतं.

सकाळी ८.३० : अंबागेटचे काकाजी

काकाजी उद्याच इसार घेणार होते. घर वडिलांनी विकत घेतलेलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण नाव अजून त्यांचंच आहे.

“काऊन जी मॅडम, घर तं बापाचं हाय. टॅक्स म्या भरतो. मंग अडते कुठं?”

“काकाजी, बहिणी किती?”

“दोन. पन त्यायचे लग्न होऊन जमाना झाला.”

हा संवाद मला दर आठवड्याला करावा लागतो आणि तो मी दर वेळी सावकाश करते. मुलीच्या हक्काचं बोलणं निघालं की लोक २००५ च्या दुरुस्तीचं नाव घेतात. ती दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबाबत आहे. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर मुलींचा वाटा हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ पासूनच मुलांइतका आहे. लग्नाने तो जात नाही आणि टॅक्स भावाने भरला म्हणूनही जात नाही.

त्यामुळे काकाजींपुढे दोनच वाटा आहेत. सगळ्या वारसांनी विक्रीपत्रावर सही करायची, किंवा ज्यांना हिस्सा नको त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. साध्या स्टॅम्पवर लिहून घेतलेली संमती इथे चालत नाही. वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि वारस फेरफाराचा अर्ज ही यादी मी त्यांच्या हातात दिली आणि आणखी एक सांगितलं : बहिणींना बोलवा, गिऱ्हाइकाने सांगितलेला खरा भाव त्यांना कळू द्या आणि मग त्यांना ठरवू द्या. किंमत लपवून घेतलेली सही भावाला पुढे कोर्टात महागात पडते. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती बहीण त्याच घरात वाढलेली असते.

सकाळी १०.०० : भूमी अभिलेख कार्यालय

आपल्या वऱ्हाडात जमिनीचा कागद कोणता, हे जागेवर ठरतं. शेत असेल किंवा शेतातून पडलेला ले-आउट असेल तर सातबारा, आणि नगर भूमापन झालेल्या शहरी भागात आखीव पत्रिका. अंबागेटच्या घराची आखीव पत्रिका काढली की मी आधी धारणाधिकाराचा रकाना वाचते. जुन्या वस्तीत तिथे बरेचदा नझूल निघतं. नझूल म्हणजे जमीन सरकारची आणि आपल्याकडे भाडेपट्टा. मग पट्ट्याची मुदत केव्हा संपली, नूतनीकरण झालं का, विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, हे प्रश्न गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपण सोडवायचे असतात. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या नझूल जमिनींसाठी २०२४ मध्ये सरकारने विशेष अभय योजना आणली. अशा मालकांनी आपला पट्टा पूर्ण मालकीचा करून घेता येतो का, हे विक्रीला काढण्याआधीच विचारून घ्यावं.

दुसरं पाहायचं ते क्षेत्रफळ. पत्रिकेतलं, जुन्या खरेदीतलं आणि जागेवरचं माप जुळत नसेल तर मोजणीचा अर्ज करून मोजणी नकाशाची क-प्रत काढून घ्यावी. चतुःसीमाही ताज्या लिहाव्यात. जुन्या दस्तात उत्तरेला ज्याचं घर लिहिलं आहे, त्या जागी आज दुसरंच कुणी राहत असतं.

सकाळी ११.३० : महानगरपालिका

आता कठोरा रोडची फाइल. या मालकांनी मोठ्या विश्वासाने घरटॅक्सच्या पावत्यांचा गठ्ठा दिला होता. टॅक्स पावती लागतेच, थकबाकी नसल्याचा दाखलाही लागतो. पण ती पावती कर भरल्याचा पुरावा असते, मालकीचा नसते. ले-आउटमधल्या घराला अकृषक आदेश, मंजूर ले-आउट नकाशा, बांधकाम परवानगी, मंजूर घरनकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, असा संच हवा. प्लॉट गुंठेवारीचा असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित केल्याचा आदेश हवा. त्या कायद्याची मुदत नंतर वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना संधी दिली गेली, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. या घराचा वरचा मजला मंजूर नकाशात नाही. मी मालकांना सांगितलं की तो नियमित करायला अर्ज करा, आणि तोवर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. बँकेचा मूल्यांकन करणारा नकाशा घेऊनच येतो, तेव्हा ते लपत नाही.

विजेचं बिल महावितरणचं. पाण्याचं बिल मात्र अमरावतीत जीवन प्राधिकरणाचं आणि अकोल्यात महानगरपालिकेचं. दोन्हींवरचं नाव आणि थकबाकी आजच पाहून ठेवायची.

दुपारी १२.३० : दुय्यम निबंधक कार्यालय

इथे शोध घ्यायचा. मिळकतीवर कोणते दस्त नोंदले गेले ते सूची क्रमांक दोनवरून कळतं. अलीकडच्या वर्षांचा शोध घरबसल्या ई-सर्चवर होतो, जुन्या वर्षांसाठी कार्यालयातच यावं लागतं. बाहेर झाडाखाली बसलेले अर्जनवीस आजही माझ्याइतकेच उपयोगी आहेत. कोणत्या सालचं पुस्तक कुठे सापडेल, हे त्यांना तोंडपाठ असतं.

मूळ खरेदीखत हरवलं असेल तर घाबरायचं कारण नाही. पोलिसांत हरवल्याची नोंद करायची, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि इथून प्रमाणित नक्कल काढायची. या सगळ्याला वेळ लागतो आणि इसाराची मुदत त्यासाठी थांबत नाही.

दुपारी २.०० : बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला

महामार्गाने निघाले. मूर्तिजापूरला चहाला थांबले, तेव्हा दुसऱ्या एका घराच्या परदेशातल्या वारसाशी फोनवर बोलणं झालं. त्याला सहीसाठी यायला जमणार नाही. तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत प्रमाणित करायचं आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित करून घ्यायचं. अनिवासी भारतीयाच्या हिश्श्यावर खरेदीदाराने कापायचा कर वेगळा आणि जास्त असतो, हेही त्याला आजच सांगितलं. रजिस्ट्रीच्या दिवशी ऐकून तो हादरला असता.

दुपारी ४.०० : अकोला, गोरक्षण रोड

फ्लॅट निवृत्त शिक्षिकाबाईंचा आहे. कर्ज फेडून झालं आहे, पण बँकेचा बोजा नोंदीत अजून दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फेडल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं आणि बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. बाईंचं कर्ज त्याआधीच फिटलेलं, म्हणून आम्ही लेखी अर्जाने सुरुवात केली.

फ्लॅटसाठी मूळ करारनामा, सूची दोन, अपार्टमेंटचं घोषणापत्र, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आणि देखभाल खर्च बाकी नसल्याचं पत्र लागतं. अकोल्यातच मलकापूर, खडकी, उमरीकडचं घर असेल तर आणखी एक कागद शोधावा लागतो. हा भाग २०१६ च्या हद्दवाढीत महापालिकेत आला, त्याआधीची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये आहे.

सायंकाळी ५.३० : कराचा हिशेब

बाईंना किंमत ठरवण्याआधीच कराचा हिशेब दाखवला. घर २४ महिन्यांहून जास्त काळ स्वतःकडे असेल तर नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीला दोन पर्याय आहेत : महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, किंवा तो लावून वीस टक्के. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्य नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्यावं. व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर खरेदीदार एक टक्का कापून सरकारात भरतो, म्हणून पॅन बरोबर हवा. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही, इसाराचीही नाही.

रात्री ८.३० : मसुदा

घरी परतून शिक्षिकाबाईंच्या इसारपत्राचा मसुदा लिहायला घेतला. त्यात विकणाऱ्याची विधानं असतात : मी मालक आहे, दुसरा वारस नाही, बोजा नाही, वाद नाही, बांधकाम मंजुरीप्रमाणे आहे, कर थकलेला नाही. प्रत्येक विधानासमोर ते सिद्ध करणारा कागद समासात लिहून ठेवते. समोरचा माणूस आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचं कर्ज या विधानांवर ठेवणार असतो, म्हणून मोघम शब्द मी ठेवत नाही. बोज्याच्या ओळीसमोर बँकेचं पत्र अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत ती ओळ लिहायची नाही, आणि ती ओळ लिहिता येईपर्यंत इसार घ्यायचा नाही, असं बाईंना कळवलं. त्यांनी गिऱ्हाइकाकडून महिन्याची मुदत मागून घेतली आहे.